अण्णांचा आन्सरबॅक

अण्णांच्या घरात कुणालाही नुसतं 'हो' म्हणायची सोय नव्हती. सकाळी ते दूधवाल्याला कन्नडमध्ये सांगायचे, "उद्या अर्धा लिटर जास्त, परवापासून नेहमीएवढं." दूधवाला "सरी", म्हणजे 'बरं', म्हणून सायकलवर टांग टाकायला लागला की अण्णा मागून कॅरिअर धरायचे आणि म्हणायचे, "आन्सरबॅक?" मग तो बिचारा एक पाय जमिनीवर टेकून म्हणायचा, "उद्या अर्धा लिटर जास्त, परवापासून नेहमीएवढं." तेव्हा कॅरिअर सुटायचं. इस्त्रीवाला, भाजीवाली, कोपऱ्यावरच्या देवळाचे पुजारी, सगळ्यांना ही सवय झालेली होती. पुजारी तर अण्णांनी विचारायच्या आतच सगळं परत म्हणून दाखवायचे आणि सुटका करून घ्यायचे.

अण्णा सत्तावीस वर्षं एका रेशीम निर्यात करणाऱ्या पेढीत टेलेक्स ऑपरेटर होते. ज्यांनी टेलेक्स पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइपरायटरच्या दुप्पट आकाराचं एक यंत्र असायचं. आपण इथं टाइप केलं की मिलानमधलं तसलंच यंत्र खडखडत तेच कागदावर उमटवायचं. निरोप संपला की एक ठरावीक कळ दाबायची, म्हणजे पलीकडचं यंत्र आपलं नाव-गाव उलट पाठवायचं. त्याचं नाव आन्सरबॅक. तो आला तर निरोप पोचला, नाही आला तर सगळं पुन्हा. पेढीत फॅक्स आल्यावर ते यंत्र गेलं आणि थोड्याच दिवसांत अण्णाही निवृत्त झाले. यंत्राचा नियम मात्र त्यांनी घरी आणला आणि माणसांना लावला.

नियमच नाही, एक यंत्रही आणलं होतं. रविवारच्या जुन्या बाजारात त्यांना भंगारात एक टेलेक्स दिसलं. हे पेढीतलंच, असं त्यांचं ठाम मत होतं. "हे ते नव्हेच," असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे अक्कांचं, तितकंच ठाम मत होतं. ते यंत्र बंगळूरला मल्लेश्वरमच्या त्या जुन्या बैठ्या घराच्या हॉलमध्ये खिडकीखाली ठेवलेलं असायचं. ऊन चांगलं यायचं म्हणून अक्का त्यावर पंचा टाकून संडिगे वाळत घालायच्या. संडिगे म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांचा तिकडचा भाऊ. अण्णांना त्या यंत्राजवळ बसायचं असलं की आधी संडिगे उचलायला परवानगी मागावी लागे.

मी त्यांची भाडेकरू होते. गच्चीवरची एक खोली. सत्त्याण्णव साली अकोल्याहून इंजिनिअर होऊन बंगळूरला आले तेव्हा माझ्या बाबांची अट एकच होती, राहायचं ते मराठी घरात. ऑफिस होतं शहराच्या पार पूर्वेला, महादेवपुऱ्याच्या बाजूला, आणि मराठी घर मिळालं वायव्येला. त्यामुळे रोज दोन बस आणि जीव मेटाकुटीला. बरं, घर मराठी म्हणजे कसं? अण्णांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. त्यांचं मराठी आणि माझं वऱ्हाडी मराठी समोरासमोर आलं तेव्हा पहिल्याच दिवशी फजिती झाली.

मी खाली ट्रंक ठेवली, पाया पडले. अण्णा म्हणाले, "पहाटे नल्लीला पाणी येतंय. दोन बिंदिगे भर, आणि मग नल्ली घट्ट बंद कर. विसरू नको."

मला 'पाणी' आणि 'विसरू नको' एवढंच कळलं. मी जोरजोरात मान हलवत म्हटलं, "हो हो."

"आन्सरबॅक?"

"अं?"

"मी काय म्हटलं ते सांग की."

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी मला हाताला धरून न्हाणीघरात नेलं, नळावर हात ठेवून "नल्ली" म्हणाले, पितळी घागरीवर हात ठेवून "बिंदिगे" म्हणाले आणि विचारलं, "कळलं नव्हतं तर हो का म्हटलीस?"

आमच्या घरी मोठ्या माणसाला "पुन्हा सांगा" म्हणणं म्हणजे उद्धटपणा. मोठं माणूस बोलतंय आणि तुझं लक्ष कुठं होतं? त्यापेक्षा हो म्हणावं, आणि नंतर आईला विचारावं. हा धडा मी घरून घेऊन आले होते आणि पुढच्या दोनच महिन्यांत तो मला फार महागात पडला.

आमच्या कंपनीला ओसाकाच्या एका गोदामाचं काम मिळालं होतं. कुठला माल आला, कुठला गेला, याचा प्रोग्रॅम लिहायचा. माझा भाग होता दुकानांकडून परत आलेल्या मालाचा. ओसाकाच्या बाजूनं एक गृहस्थ फोनवर सगळं समजावून द्यायचे. त्यांचं इंग्रजी जपानी वळणाचं, माझं अकोल्याचं. माझं इंग्रजी पुस्तकात होतं, तोंडात नव्हतं. इंजिनिअरिंगला चार वर्षं इंग्रजीत उत्तरपत्रिका लिहिल्या, पण इंग्रजीत कुणाशी भांडले नाही की कुणाला पत्ता विचारला नाही. त्या गृहस्थांनी वीस मिनिटं समजावलं आणि मी वीस मिनिटं "यस, यस" म्हणत राहिले. आमचा टीम लीडर दिल्लीच्या कॉन्व्हेंटमधला. त्याला विचारावं तर तो आधी डोळे मिटून एक श्वास घ्यायचा, मग सांगायचा. त्या श्वासाच्या भीतीनं मी त्यालाही विचारलं नाही. अंदाजानं प्रोग्रॅम लिहिला. परत आलेला सगळा माल मी पुन्हा शिलकीत मिळवून टाकला.

त्यांना नेमकं तेच नको होतं. तीन आठवड्यांनी ओसाकाहून दोन पानी फॅक्स आला. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं, आणि स्पष्टच सांगितलं की तीन महिन्यांनंतर माझ्या भागाचा शेवटचा फोन मीच करायचा. तो नीट झाला तर कायम, नाही तर घरी.

घरी म्हणजे अकोला. बाबांना एसटीडी बूथवरून फोन केला तर ते म्हणाले, "त्यात काय एवढं! ये परत. तसंही अमरावतीचे लोक विचारून राह्यले." अमरावतीचे लोक म्हणजे स्थळ. बाबा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खूश झाले, हे माझ्या जिव्हारी लागलं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर रडत होते. अक्का वाळलेले कपडे न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं काढून घेतलं आणि खाली जाऊन अण्णांना सांगितलं. अण्णा वर आले.

"मला इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. "मला टेलेक्स येतं. चालेल?"

मी नुसती मान हलवली. ते जिन्यातच थांबून राहिले. शेवटी मी म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येत नाही, टेलेक्स येतं. ते शिकेन."

"सरी," म्हणाले आणि खाली गेले.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला एकच वाक्य शिकवलं. 'आय हॅव नॉट अंडरस्टुड. प्लीज से अगेन.' शिकवलं म्हणजे काय, ते मला येतच होतं. पण अण्णांचं म्हणणं असं की येणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. रोज दहा जणांना हे वाक्य म्हणून दाखवायचं आणि संध्याकाळी कागदावर कुणाकुणाला म्हटलं ते लिहून द्यायचं, कार्बन ठेवून. अण्णांच्या घरात कुठलीही चिठ्ठी कार्बनशिवाय लिहिली जात नसे. "बाहेर. साडेसहा. दही संपलं." अशा चिठ्ठीचीही नक्कल फाइलला लागे. फोनवर त्यांचा राग तेवढ्यासाठीच होता. "फोनला कॉपी नसते," ते म्हणायचे. हॉलमध्ये फोन होता, पण तो कितीही वाजला तरी अण्णा पेपरातून डोकंसुद्धा वर काढत नसत. अक्का हातातलं पीठ पुसत धावायच्या.

तर ते वाक्य. बस कंडक्टरला म्हणणं सोपं गेलं. ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टला म्हणताना घाम फुटला. टीम लीडरला म्हणायला अकरावा दिवस उजाडला. त्यानं डोळे मिटून श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. तरीही मला कळलं नाही. मी पुन्हा तेच म्हटलं. यावेळी त्यानं श्वास घेतला नाही, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. माझा मलाच विश्वास बसेना.

अण्णांना मी संध्याकाळी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "स्वल्प कापून सांग." ही त्यांची दुसरी सवय. आपण काहीही सांगितलं की तेच पुन्हा, निम्म्या शब्दांत सांगायला लावायचे. मी म्हटलं, "लीडरला वाक्य दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा कळलं." ते खूश झाले. मग पेढीतली गोष्ट सांगितली, जी नंतर मी त्यांच्याकडून पन्नास वेळा ऐकली आणि दर वेळी ती तेवढ्याच शब्दांत असे.

अण्णांनी सत्तावीस वर्षांत मिलान, ओसाका, जेद्दा, हॅम्बुर्ग अशा गावांशी इंग्रजीत व्यवहार केला. त्यांत इंग्रज एकही नव्हता. इंग्रज पेढीत आला तो एकदाच, मालाच्या विम्याच्या कामासाठी. नेमका त्याच दिवशी मिलानचा खरेदीदारही आलेला. मालकांनी दोघांना एकत्र कॉफीला बसवलं. विमा कुणी उतरवायचा हे ठरायचं होतं. इंग्रज भरभर बोलत होता, मिलानवाला "यस, यस" करत होता आणि मालक हसत होते. अण्णा टेलेक्सचा कागद द्यायला आत गेले आणि तिथंच थबकले.

"मिलानला कळलं नाही तर मिलान कसा यस म्हणतोय ते मला सत्तावीस वर्षं माहीत," अण्णा म्हणायचे. प्रत्यक्षात तेव्हा तेरा-चौदाच वर्षं झाली असतील, पण असो.

अण्णा इंग्रजाला म्हणाले, 'आय हॅव नॉट अंडरस्टुड. प्लीज से अगेन.' इंग्रज चमकला, पण त्यानं पुन्हा सांगितलं. अण्णांनी पुन्हा तेच म्हटलं. मालकांचा चेहरा पडला, माझी अब्रू घालवली यानं, असा. तिसऱ्यांदा इंग्रजानं सांगितलं ते सात शब्दांत. ते सात शब्द अण्णांनी जसेच्या तसे मिलानवाल्याला सांगितले. मिलानवाला खुर्चीतून उठला आणि म्हणाला, नो! आणि खरी बोलणी तिथून सुरू झाली. दुपारपर्यंत अण्णा दोघांच्या मध्ये स्टुलावर बसून इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करत होते. कागदावर सह्या झाल्यावर इंग्रजानं त्यांचा हात हातात घेऊन काहीतरी लांबलचक म्हटलं. अण्णांना ते कळलं नाही. पण ते कामाचं नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं नाही.

"इंग्रजी आता कुणाच्या बापाची नव्हे," ते मला म्हणायचे. "ओसाकाच्या बापाची नव्हे, तुझ्या बापाची नव्हे. मग लाज कसली? दुसऱ्याच्या घरी नल्ली कुठं आहे ते विचारतोच की आपण."

महिन्याभरानं अभ्यास बदलला. अक्कांच्या स्वयंपाकघरात फळीवर अठरा डबे होते. मी हॉलमध्ये उभं राहून इंग्रजीत सांगायचं, कुठला डबा कुठं ठेवायचा, आणि आत अक्कांनी तो तसा ठेवायचा. अक्कांना इंग्रजी बाजारापुरतं यायचं. 'राइस, टिन, लेफ्ट, राइट, लास्ट प्राइस', एवढंच. "हिला कळलं म्हणजे जगाला कळलं," असं अण्णांचं गणित. आदल्या दिवशी वाक्य लिहून द्यायचं, अण्णा निळ्या पेन्सिलीनं त्यातले शब्द उडवायचे. 'काइंडली' गेला, 'बेसिकली' गेला, 'आय वॉज जस्ट थिंकिंग दॅट' सगळंच गेलं. "शोभेचं काही ओसाकाला पोचत नसतं. वाटेत सांडतं." मी बोलत असताना अण्णा माझ्याकडे लक्षसुद्धा देत नसत. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून फक्त डबा कुठं जातो ते बघत. माझे उच्चार, माझं व्याकरण, कशाशी देणंघेणं नाही. डबा जागेवर गेला की बोट वर करायचे. मला वाटायचं, काय पण शिकवण्याची पद्धत आहे माणसाची!

तीन आठवड्यांनी अक्कांनी बंड पुकारलं. "रव्याच्या जागी हिंग, हिंगाच्या जागी शेंगदाणे. काल उप्पिटात काय घातलंय मी ते देवालाच ठाऊक. माझे डबे कुठं ठेवायचे ते मी ठरवणार!" मग दोन दिवस डब्यांऐवजी अण्णांच्या जुन्या फायलींवर भागवलं. तिसऱ्या दिवशी अक्का आपणहूनच दारात आल्या आणि म्हणाल्या, "टेल. विच टिन?" त्यांनाही आवडायला लागलं होतं.

शेवटच्या फोनला आठवडा राहिला तेव्हा मला एक साधी गोष्ट सुचली. फोन करायचा तर सराव फोनवरच करायला हवा. मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही कोपऱ्यावरच्या बूथवर जा. मी इथं हॉलमध्ये बसते. तुम्ही ओसाका व्हा."

"फोनला कॉपी नसते."

"मी लिहून घेते ना. कार्बन ठेवून."

"नको म्हटलं ना."

"अण्णा, पाचच मिनिटं. माझी नोकरी..."

अण्णा एकदम ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच पाहिलं. फोन म्हणजे यंत्र नव्हे, फोन म्हणजे बडबड, मला बडबडीत ओढू नको, असं बरंच काही म्हणाले, आणि चपला घालून फिरायला निघून गेले. त्यांचे बरेच शब्द शोभेचे होते आणि ते त्यांनी कापले नाहीत. मी तिथंच उभी राहिले. राग आला होता आणि रडूही येत होतं.

अक्का माझ्याजवळ आल्या. त्या हळू बोलल्या, खरं तर त्याची काही गरज नव्हती.

"त्यांना ऐकू येत नाही गं. सात-आठ वर्षं झाली. बारक्या खोलीत सारा दिवस ते मशीन खडखड खडखड. डावा कान पूर्ण गेला, उजव्याला स्वल्प येतंय. आन्सरबॅक मशीनचाच, तो पहिल्यापासून. पण हे 'कापून सांग', 'लिहून दे', हे सगळं कान गेल्यावर सुरू झालं."

"डॉक्टर?"

"कशाचा डॉक्टर! माझ्याजवळसुद्धा कबूल करत नाहीत. मी सगळं दोनदा बोलते. सवय झाली."

मला सगळं एकेक करून आठवत गेलं. वाजणारा फोन आणि पेपरातून न निघणारं डोकं. ते डबे. मी बोलत असताना माझ्याकडे न बघणारे अण्णा. त्यांची पद्धत वगैरे काही नव्हती, त्यांना मी ऐकूच येत नव्हते. मला आधी कीव आली आणि लगेच मनापासून राग आला. मला दहा-दहा माणसांसमोर 'कळलं नाही' म्हणायला लावलं, कंडक्टरपासून लीडरपर्यंत सगळ्यांपुढे माझी लाज काढून टाकली, आणि स्वतः मात्र घरच्या बायकोला 'ऐकू आलं नाही' एवढं सांगत नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तो आठवडा मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तेही बहुतेक चिठ्ठ्यांवर. ते चिठ्ठीवर खूश होते, हे बघून आणखी राग यायचा.

फोनचा दिवस आला. छोट्या खोलीत टेबलावर स्पीकरचा फोन, एका बाजूला साहेब, एका बाजूला लीडर. सुरुवातीची दोन मिनिटं लीडर बोलला. ऐकायला फारच सुंदर. पलीकडून "यस, यस" आलं. ते यस ऐकलं आणि माझे कान टवकारले. मिलानचं यस कसं असेल ते मला तेव्हा कळलं.

मग ओसाकाच्या गृहस्थांनी माझ्या भागाबद्दल काहीतरी विचारलं. मला निम्मं कळलं. माझ्या तोंडून वाक्य आपोआप निघालं, 'आय हॅव नॉट अंडरस्टुड. प्लीज से अगेन.'

लीडरनं डोळे मिटले. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला अमरावती दिसायला लागली. आणि मग ते गृहस्थ म्हणाले, आवाजात इतकी सुटका होती की ती मला आजही ऐकू येते, "थँक यू. आय ऑल्सो, नॉट अंडरस्टुड. मेनी टाइम्स."

त्यानंतर तास-दीड तास आम्ही दोघंच बोललो. छोटी वाक्यं. एक डबा उचलायचा, जागेवर ठेवायचा, मग दुसरा. शेवटी मी म्हटलं, आता तुम्ही सांगितलेलं मी माझ्या शब्दांत परत सांगते. सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. परत आलेला माल म्हणजे एक यादी नव्हे. न विकलेला वेगळा, फुटलेला वेगळा. दोन याद्या. मी दोन्ही एकातच धरल्या होत्या. तसंच लिहिलं असतं तर आणखी तीन आठवडे गेले असते आणि त्यांच्याबरोबर मीही. दोन याद्या लिहून घेतल्या आणि पुन्हा परत सांगितलं. या वेळी "यस" आलं ते एकच, आणि ते खरं होतं.

फोन ठेवताना त्या गृहस्थांनी विचारलं, पुढचे फोन हीच करेल का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि 'यस' म्हटलं.

दोन बस बदलून मी मल्लेश्वरमला पोचले तोवर माझा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. फाटकापासून पळतच आत शिरले. अण्णा खिडकीजवळ यंत्रावरचे संडिगे गोळा करत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून, चपलाही न काढता, एका दमात सगळं सांगून टाकलं. लीडरचे मिटलेले डोळे, अमरावती, 'आय ऑल्सो', दोन याद्या, पुढचे फोन, कायम झालेली नोकरी.

अण्णा संडिगे डब्यात टाकत म्हणाले, "सरी, सरी. छान."

हे 'सरी' माझ्या ओळखीचं होतं. वीस मिनिटं तेच मी ओसाकाला म्हटलं होतं. तेच मी नळाबद्दल म्हटलं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, आन्सरबॅक?" हे मात्र त्यांच्यासमोर येऊन, मोठ्यानं.

त्यांचा हात थांबला. नोकरीची सत्तावीस वर्षं आणि त्यावर निवृत्तीची तीन, त्यांना हा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "स्वल्प कापून सांग."

"नाही कापणार."

"मग लिहून दे. कार्बन तिथंच..."

"लिहूनही नाही देणार. आन्सरबॅक द्या, अण्णा."

स्वयंपाकघराच्या दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात झारा होता, तो तसाच वर राहिला. मला वाटलं, आपण फार बोललो. आता हे पुन्हा चपला घालून निघून जाणार आणि मला खोली सोडावी लागणार. पण मी हलले नाही. त्यांनीच मला शिकवलं होतं, आन्सरबॅक येईपर्यंत हलायचं नसतं.

अण्णांनी डब्याचं झाकण लावलं. एकदा काढलं, पुन्हा लावलं. इंग्रजापुढे, मिलानपुढे, मालकांपुढे जे वाक्य ते सहज म्हणाले होते ते परक्या भाषेतलं होतं, तिथं त्यांना कसलीच लाज नव्हती. हे घरचं होतं. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऐकू आलं नाही गं," ते म्हणाले. "परत सांग की."

मी त्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, एकही शब्द न कापता.